जखमेवर फेस, बाटलीत शांत

प्रश्न : खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की लगेच फसफसतं. बाटलीत मात्र ते महिनोनमहिने शांत असतं. असं का?

उत्तर : बाटलीतही त्याचं विघटन चालूच असतं, फक्त फार सावकाश. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायला आधी दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध तुटावा लागतो. तेवढी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मोजक्याच रेणूंकडे असते. (प्रकाशाने वेग वाढतो, म्हणून बाटली गडद रंगाची.)

रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं. त्याच्या गाभ्यातला लोहाचा अणू पहिल्या रेणूकडून एक ऑक्सिजन अणू घेतो आणि पाणी सुटतं. दुसरा रेणू आला की ऑक्सिजन वायू बाहेर पडतो, आणि विकर पुन्हा पहिल्यासारखं. या वाटेला ऊर्जा कमी लागते, म्हणून एकेक विकररेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो.

तेव्हा फेस म्हणजे जंतू मेल्याची पावती नव्हे. उलट हे औषध निरोगी पेशींनाही दुखावतं. साध्या खरचटण्याला स्वच्छ पाणी पुरतं.

कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाकून पाहा, फेस येईल. उकडलेल्यावर येणार नाही, कारण उष्णतेने विकराची घडी मोडते. मँगनीज डायऑक्साइडची पूडही हेच काम करते. ती मात्र उकळली तरी बिघडत नाही.