सूर्यावरील कुसळे

खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्यबिंब पुरते झाकले, की त्याच्या कडेला क्षणभर तांबूस रंगाची बारीक कोर झळकते. हे सूर्याचे खालचे वातावरण होय. त्याच्या रंगावरून त्यास वर्णगोल हे नाव मिळाले. पूर्वी ते पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी गुंटूर येथे ग्रहणाचे वेध घेताना सूर्याच्या कडेवरील ज्वाला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांना वर्णपटदर्शकातून इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहणावाचूनही त्या दिसतील असा त्यांनी तर्क केला. दुसऱ्याच दिवशी तो खरा ठरला.

पुढे रोम येथील आंजेलो सेक्की यांनी ही तांबूस कड बारकाईने न्याहाळली. ती मुळीच गुळगुळीत नव्हती! गव्हाच्या ओंबीवर कुसळे असावीत, तसे वायूचे असंख्य टोकदार फवारे तिच्यावर उभे होते. १८७७ साली सेक्की यांनी त्यांचे वर्णन केले. त्यांचे ‘स्पिक्यूल’ हे नाव मात्र १९४५ मधील.

कुसळे म्हटली, तरी ती सूर्याच्या मानाने. प्रत्येकाची जाडी सुमारे पाचशे किलोमीटर आणि उंची दहा हजार किलोमीटरपर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाहून थोडीच कमी! तेथे काही जळत नसते. तप्त वायू चुंबकीय क्षेत्राच्या रेषांना धरून सेकंदाला पंचवीसेक किलोमीटर वेगाने वर उसळतो आणि पाच-दहा मिनिटांत बहुधा खाली कोसळतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने सतत कंप पावतो. त्या कंपनांचा धक्का वायूला वर लोटतो, असे दिसून आले आहे.

चुलीपासून दूर जावे, तशी धग कमी होते. सूर्याची रीत उलटी आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस. पण वर्णगोलावरील किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहूनही अधिक! ही उष्णता तेथे पोचते कशी? २००७ साली जपानच्या ‘हिनोदे’ उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत आणखी चपळ कुसळे आढळली. ती मिनिटाभरात वर झेपावत आणि खाली न येता दिसेनाशी होत. त्यांतील वायू अधिक तापल्यामुळे त्या प्रकाशात दिसेनासा होतो, असे पुढील वेधांवरून कळले. मात्र किरीटाला लागणारी सारी उष्णता हीच कुसळे पुरवितात काय, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सोडलेल्या ‘आदित्य-एल१’ या यानावर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकाराने घडविलेली एक दुर्बीण आहे. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवरून ती याच वर्णगोलाची चित्रे अतिनील प्रकाशात घेते.