शंका-समाधान : वर्गातली मुलं आणि विकिपीडिया

प्रश्न : दुसऱ्या वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांनी मराठी विकिपीडियावर प्रत्येकी एक नवा लेख लिहायचा आणि त्याला वीस गुण द्यायचे, असा आमचा विचार आहे. सुरुवात कशी करावी?
– एक प्राध्यापिका, लातूर

उत्तर : बाई, उपक्रम जरूर करा, पण साठ नवे लेख नकोत. गुण लेखाच्या लांबीला मिळणार म्हटलं की मुलं आदल्या रात्री दिसेल तिथून मजकूर उचलतात. २०११मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिमीडिया फाउंडेशनने विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेखन करून घेतलं. त्यात उतारेच्या उतारे जसेच्या तसे उचललेले निघाले. ते निस्तरताना तिथले स्वयंसेवक मेटाकुटीला आले आणि काही महिन्यांतच उपक्रम गुंडाळावा लागला.

त्यापेक्षा आधीपासून असलेल्या एखाद्या लेखात प्रत्येकाने पाच वाक्यांची भर घालावी. प्रत्येक वाक्याला छापील संदर्भ हवा आणि तो पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे, हे तोंडी विचारल्यावर सांगता यायला हवं. गुण त्यालाच द्या. कोणी काय लिहिलं आणि कधी, हे लेखाच्या 'इतिहास' पानावर दिसतं, त्यामुळे एकाच्या कामावर दुसऱ्याने गुण घ्यायची सोय उरत नाही. पहिले काही तास 'धूळपाटी' या सरावाच्या पानावरच सराव करून घ्या आणि उपक्रमाची कल्पना 'चावडी' या संपादकांच्या चर्चापानावर आधीच द्या.

एक व्यावहारिक अडचणही लक्षात ठेवा. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येतात. प्रयोगशाळेत सातवा विद्यार्थी अडकतो आणि तास वाया जातो. म्हणून खाती मुलांनी आदल्या दिवशी घरूनच उघडून यावीत.

प्रश्न : माझ्या मुलाने वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरचा लेख चार शब्द फिरवून विकिपीडियावर टाकला. खाली त्या बातमीचा दुवाही दिला, तरी मजकूर वगळला. श्रेय दिल्यावर चूक कसली?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : एखादी गोष्ट फुकट वाचता येते, म्हणून ती उचलता येते असं नाही. विकिपीडियावर लिहिणारा आपला मजकूर मुक्त परवान्याखाली देतो. पुढे कोणीही श्रेय देऊन तो वापरू शकतो, अगदी विकूही शकतो. वर्तमानपत्राचा मजकूर असा देऊन टाकण्याचा हक्क तुमच्या मुलाकडे नाही. दुवा दिल्याने माहिती कुठली ते कळतं, परवानगी मिळत नाही. मूळ मालकानेच मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ, गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला आहे.

मुलाला सांगा, बातमी वाच, बंद कर आणि मग काय कळलं ते स्वतःच्या वाक्यांत लिही. शब्द फिरवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण अभ्यास म्हणतात तो हाच.

प्रश्न : गावाच्या लेखात आजीने सांगितलेली जत्रेची हकीकत लिहिली, तर 'संदर्भ हवा' असा शेरा आला. आजी खोटं बोलते का?
– एक विद्यार्थिनी, नगर जिल्हा

उत्तर : आजीवर कोणाचाच अविश्वास नाही. प्रश्न एवढाच, की दूरच्या वाचकाने ते पडताळायचं कसं? म्हणून विकिपीडियावर आधी प्रसिद्ध झालेलीच माहिती चालते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगर जिल्ह्यावरचा खंड १८८४चा आहे. त्यात तुमचं गाव किंवा जत्रा सापडते का पाहा. आजीची हकीकत मात्र तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. एखाद्या स्थानिक नियतकालिकाच्या संपादकांना ती छापावीशी वाटू शकते.

'आमचं गाव निसर्गाच्या कुशीत वसलं असून माणसं प्रेमळ आहेत' हे वाक्य मात्र काढून टाका. ते कोणत्याही गावाला लागू पडतं. 'आठवडी बाजार मंगळवारी भरतो' असं लिहा आणि ते कुठे छापलं आहे ते द्या. शिवाय वेशीचा, बारवेचा, बाजाराचा स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवा. त्याला छापील संदर्भ लागत नाही. जागा, तारीख, फोटो तुम्हीच काढल्याची नोंद आणि मुक्त परवाना एवढं पुरतं.