पहिल्या चुणचुणीलाच गोळी

मी तलासरी तालुक्यात राहते. साध्या तापाचं औषध गावाजवळ मिळतं, पण खालच्या अंगाचं दुखणं दाखवायला आम्ही डहाणू गाठतो. वाहन भरेपर्यंत थांबायचं, केसपेपर काढायचा, रांग धरायची. त्यात दिवस मोडतो आणि रोज बुडतो. मग बायका दुखणं अंगावर काढतात आणि पुरुष मेडिकलवाल्याच्या कानात सांगून मलम नेतात. जननेंद्रियांच्या हर्पिसला हे दोन्ही चालत नाही. मला ते भोगून कळलं. तुम्हाला वाचून कळावं म्हणून लिहिते.

पहिल्या वेळी ताप भरला, जांघेत अवधाण आलं आणि नाजूक जागी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठला. फोड फुटल्यावर लघवीला बसायचीही धास्ती वाटे. एका खासगी दवाखान्यात न तपासताच सुई टोचली. दुकानातून मिळालेल्या मलमात स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबली, जखमा मात्र चिघळल्या. घरच्यांनी ‘गरमी’ ठरवून माझं वांगं आणि कोंबडी बंद केली. त्याच जागी पुन्हा फोड आले तेव्हा मी सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून नीट तपासलं, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या चाचण्याही करून घेतल्या. मग समुपदेशक बाई म्हणाल्या, “ताई, हा विषाणू अंगातून जात नाही. फोड बरे झाले की कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. पण त्याला आवरता येतं.”

आवरायची वेळ फार थोडी असते. फोड येण्याआधी काही तास ते एखादा दिवस त्या जागी चुणचुण होते, कुल्ल्यापासून मांडीपर्यंत मुंग्या येतात किंवा चमक मारते. तेव्हाच गोळी पोटात गेली तर फोड कमी येतात, लवकर सुकतात, कधी येतही नाहीत. फोड उठल्यावरही पहिल्या २४ तासांत सुरू केलेली गोळी कामी येते. असिक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ५ दिवस, हा फिरून येणाऱ्या फोडांचा नेहमीचा डोस. पण चुणचुण संध्याकाळी सुरू झाली आणि डहाणूची खेप परवावर गेली, तर ती वेळ हातची जाते. म्हणून निदान पक्कं झालं की डॉक्टरांना सांगा, “पुढच्या वेळची गोळी आधीच लिहून द्या.” ती स्ट्रिप घरात ठेवा, कामासाठी उंबरगाव-वापीला राहत असाल तर पिशवीत ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुसरं काम भिंतीवरच्या कॅलेंडरचं. फोड आले त्या तारखेवर मी पेनाने नुसता ठिपका देते. घरात कुणाला अर्थ लागत नाही. ठिपके वाढले तसं दिसलं, की माझा त्रास पाळीच्या आगेमागे आणि आवणीच्या दिवसांत, झोप मोडली की उठतो. कुणाला तो तापानंतर किंवा मोठ्या काळजीनंतर उठेल. वर्षात ६ किंवा जास्त वेळा ठिपका पडत असेल, तर डॉक्टर रोज घ्यायची गोळी देऊ शकतात. तिने फोडांचं येणं बरंच कमी होतं.

फोड असताना सैल सुती कपडे घाला, जागा कोरडी ठेवा. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहिलं की आग कमी होते. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. चुना, टूथपेस्ट, झाडपाल्याचा लेप काही लावू नका. बादली, संडास, कपडे यांतून हा आजार पसरत नाही. घरात कुणाला वाळीत टाकायचं कारण नाही. लघवी अडली, मान आखडून डोकं ठणकलं किंवा डोळा लाल होऊन दुखला, तर मात्र घरी थांबू नका.

नवऱ्याशी बोलणं मला सगळ्यात जड गेलं. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, म्हणून आज फोड दिसले म्हणजे लागण आजचीच असं नसतं. त्यावरून बायकोला मारहाण करणं किंवा माहेरी धाडणं हा अन्याय आहे. जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू आहे; बहुतेकांना पत्ताही नाही. चुणचुण सुरू झाल्यापासून जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा. फोड नसतानाही लागण होऊ शकते, म्हणून एरवी निरोध वापरा. धोका संपत नाही, पण घटतो. जखमा असताना एचआयव्ही लागायचा धोकाही वाढतो.

दिवस गेले असतील तर आशाताई, नर्सताई आणि डॉक्टर, सगळ्यांना सांगा. प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात, कारण नवजात बाळाला हा आजार जीवघेणा ठरू शकतो. आधी कळलं तर शेवटच्या महिन्यात गोळी देऊन ती वेळ बहुधा टाळता येते.

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तोंडाने सांगायला जीभ रेटत नसेल तर आधी १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. आणि डहाणूला जालच, तर पुढच्या वेळची गोळी लिहून घेतल्याशिवाय परतू नका.