काचेला तडा : भरायचा की काच बदलायची?

प्रश्न : नेरळ-कळंब रस्त्यावर पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडाली आणि गाडीच्या पुढच्या काचेला टिकली पडली. काच बदलावीच लागेल का? – एक वाचक, कळंब

उत्तर : लगेच नाही. आधी टिकलीवर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ-पाणी गेलं की नंतर रेझिन नीट धरत नाही, आणि तुमच्याकडचा पाऊस थांबून राहत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका. तडा तिथूनच पळतो.

पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. नख फिरवून पाहा : आतल्या बाजूला खरखर लागली, तडा कडेपर्यंत गेला किंवा चालकाच्या नजरेसमोर आला, तर काच बदलाच. रुपयाच्या नाण्याहून लहान टिकली मात्र रेझिनने भरता येते. पुसट खूण राहते, पण तडा पसरायचा थांबतो.

नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काचेचा खर्च मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी छोट्या दुरुस्तीसाठी दावा करू नका, नो क्लेम बोनस जाऊ शकतो. नवी काच बसवल्यावर गोंद वाळेपर्यंत, कारागीर सांगेल तितके तास, गाडी हलवू नका. अपघातात एअरबॅगला ही काचच आधार देते.