बर्फ वितळवणारं फूल

शाळेत इंग्रजी कवितांमधून ‘स्प्रिंग’ पाठ केला, तेव्हा माझी समजूत अशी की आधी सगळा बर्फ वितळतो आणि मग फुलं येतात. बर्फ मी फक्त फ्रीजरमध्ये पाहिलेला, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. हीट ट्रान्सफरच्या सबमिशनसाठी लायब्ररीत बसलो असताना स्कंक कॅबेज या झाडाबद्दल वाचलं आणि ती समजूत गेली.

नावात कोबी असला तरी हे झाड अळूच्या कुळातलं. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि लगतच्या कॅनडात दलदलीच्या जागी वाढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे जमीन अजून पांढरीच असते. मेपलच्या खोडात रस वाहू लागलेला असतो, पण तो बाहेरून दिसत नाही. दिसतं ते हे : बर्फात एक गोल भोक आणि त्यातून वर आलेलं किरमिजी टोक. पानं नंतर येतात.

मला आधी वाटलं, गडद रंग ऊन शोषत असेल. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती बर्फ लवकर वितळतो तो तसाच. पण इथे उष्णता आतून येते! नेहमी पेशी अन्न जाळून मिळालेली बरीचशी ऊर्जा एटीपीमध्ये साठवतात. या फुलाच्या कणसात मात्र एक एन्झाइम तो रस्ता टाळतं आणि ऊर्जा सरळ उष्णता म्हणून बाहेर पडते. इंधन म्हणजे जमिनीखाली साठवलेला स्टार्च. कणसाभोवतीचं जाड, स्पंजसारखं आवरण इन्सुलेशनचं काम करतं.

१९७४ साली रॉजर नटसन यांनी ‘सायन्स’मध्ये याची मोजमापं छापली. कणीस हवेपेक्षा १५ ते ३५ अंश सेल्सिअस जास्त गरम राहतं, तेही दोन आठवडे. आणि खरी गंमत पुढे आहे. हवा जितकी थंड, तितका ऑक्सिजनचा वापर जास्त, म्हणजे चक्क थर्मोस्टॅट! आमच्या होस्टेलच्या गिझरला हे अजून जमलेलं नाही.

या उबेमुळे फुलाचा कुजका वास पसरतो आणि थंडीत बाहेर पडलेल्या थोड्याफार माश्या आत येतात. परागीभवन होतं ते असं.

आपला सुरणही याच कुळातला. त्याचं फूलसुद्धा तापतं आणि सडक्या मांसासारखं घाण मारतं. कुणाच्या परसात सुरण असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर फूल आल्यावर थर्मामीटर लावून बघा. रीडिंग मला नक्की कळवा. नाक धरायला मात्र एक मित्र बरोबर न्या.