टाकी केवढी, पाईप केवढा? (जुनं ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी)

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. सांभाळून घ्या. दुसरी कबुली मोठी आहे. या लेखात जी चूक सांगणार आहे, ती माझीच आहे.

शहाद्याहून धडगावकडे जाताना म्हसावद लागतं. तिथे माझ्या मामेभावाचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ वगैरे. मागच्या लग्नसराईच्या आधी दादाचा फोन आला, "तू इंजिनियरिंगला आहेस ना? मग मला एक जुनं ग्राफिक्स कार्ड बघून दे. नवीन परवडत नाही." मी लगेच हो म्हटलं. दुकानात एनव्हिडियाच्या जीटी ७३० ची दोन सेकंडहँड कार्डं होती. एक २ जीबीचं, दुसरं ४ जीबीचं. किमतीत थोडाच फरक. मी ऐटीत ४ जीबीचं उचललं.

झालं! म्हसावदला कार्ड बसवलं, तर नवरानवरीची नावं फिरत येणारं थ्रीडी टायटल लावलं की प्रिव्ह्यू अडखळायचा. दुकानदार कार्ड परत घेईना. एका लग्नाच्या ॲडव्हान्समधले पैसे होते ते. दादा मला एक शब्दही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग होस्टेलवर येऊन हा विषय नीट वाचून काढला. तोच इथे मांडते.

१) नाव एक, कार्डं तीन

जीटी ७३० हे कार्ड २०१४ साली आलं. पण या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कार्डं विकली गेली:

– ९६ कोर, १२८ बिट बस, डीडीआर३ मेमरी : सेकंदाला २८.८ जीबी
– ३८४ कोर, ६४ बिट बस, डीडीआर३ मेमरी : सेकंदाला १४.४ जीबी
– ३८४ कोर, ६४ बिट बस, जीडीडीआर५ मेमरी : सेकंदाला ४० जीबी

शेवटचा आकडा म्हणजे बँडविड्थ, मेमरी आणि चिप यांच्यात एका सेकंदात किती डेटा ये-जा करू शकतो ते. मी आणलेलं कार्ड दुसऱ्या प्रकारचं होतं. दुकानात सोडून आलेलं २ जीबीचं होतं तिसऱ्या प्रकारचं!

हिशेब सोपा आहे. बसची रुंदी भागिले ८, गुणिले मेमरीचा परिणामी वेग. ६४ बिट म्हणजे ८ बाइट. ८ गुणिले १८०० मेगाहर्ट्झ म्हणजे १४,४०० एमबी, अर्थात १४.४ जीबी. जीडीडीआर५ चा वेग ५००० धरला तर तीच बस ४० जीबी देते. या गणितात २ जीबी की ४ जीबी हा प्रश्न कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या.

२) मामांचा पाईप

हे सगळं मी मामांना सांगत होते. त्यांची पपई आणि ऊस आहे, कॉम्प्युटरशी संबंध नाही. ऐकून म्हणाले, "म्हणजे टाकी मोठी बांधली आणि पाईप दीड इंची टाकला, असंच ना? मग शेवटच्या सरीला पाणी जाईल कसं?" मी गप्पच! जीबी म्हणजे टाकी, बिट म्हणजे पाईपची रुंदी, मेगाहर्ट्झ म्हणजे पाण्याचा जोर. टाकी कमी पडली तर अडचण होतेच, पण बारीक पाईपवर मोठी टाकी बांधून उपयोग नाही.

३) मोठा नंबर, मोठं कार्ड?

हेही खरं नाही. २००१ सालच्या जीफोर्स ३ मध्ये प्रोग्रॅम करता येणारे पिक्सेल शेडर होते. २००२ साली आलेल्या जीफोर्स ४ एमएक्स ४४० मध्ये ते नव्हतेच! नावात ४ असूनही चिप आधीच्या पिढीच्या घडणीची होती. शेडर लागणारे गेम त्यावर अडायचे.

२००७ चं ८८०० जीटी आणि २००८ चं ९८०० जीटी घ्या. दोन्हीत ११२ कोर, २५६ बिट बस, ५७.६ जीबी. जवळजवळ तेच कार्ड, नाव नवं. आणि २०१७ चं जीटी १०३०? त्याची जीडीडीआर५ आवृत्ती ४८ जीबी देते. २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४ आवृत्ती आली, ती जेमतेम १६.८ जीबी. गेममधला वेग बऱ्याच ठिकाणी निम्म्यावर आला.

४) मग जुनं ९८०० जीटीच घ्यावं का?

थांबा. बँडविड्थ म्हणजे सर्व काही नव्हे. ९८०० जीटीला सुमारे १०५ वॅट लागतात. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटच देतो, म्हणजे वेगळी सहा पिनची वायर आणि बरा पॉवर सप्लाय हवा. वर खान्देशातला मे महिना! शिवाय नव्या चिपमध्ये कोर जास्त असतात आणि त्यांची घडणही सुधारलेली असते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कोर एकमेकांशी तोलू नका. २००८ च्या रेडिऑन एचडी ४८५० मध्ये ८०० कोर होते, पण म्हणून ते ११२ कोरवाल्या कार्डाच्या सातपट वेगवान नव्हतं. दोघांची मोजायची पद्धतच निराळी.

ड्रायव्हरही बघा. एनव्हिडियाने फर्मी पिढीचे नियमित ड्रायव्हर २०१८ साली आणि केप्लर पिढीचे २०२१ साली बंद केले. वरच्या तीन जीटी ७३० पैकी पहिलं फर्मी, बाकी दोन केप्लर. स्टुडिओवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: जीटी १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही.

५) पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटं

दुकानदाराला कार्ड चालू करून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर न्या. त्यात चार ओळी वाचा: चिपचं नाव, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी, बँडविड्थ. खोक्यावरचे जीबी सगळ्यात शेवटी. आणि आपला पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे, ते घरून निघतानाच बघून ठेवा.

दादाचं पुढे काय झालं? वर्गातल्या एका मित्राकडे जीडीडीआर५ वालं जीटी ७३० पडून होतं. माझ्या स्कॉलरशिपमधून ते विकत घेतलं आणि दिवाळीला म्हसावदला जाऊन स्वतः बसवलं. तेच टायटल, तोच कॉम्प्युटर, पण नावं न अडखळता फिरली. कार्डाची जीबी मात्र निम्मी झाली होती! दादा हसून म्हणाला, "आता खरी इंजिनियर झालीस." अजून चार सेमिस्टर बाकी आहेत म्हणा, पण एक धडा मात्र पक्का झाला. आपल्याला इंजिनियर समजून कोणी घामाचे पैसे हातात देतं, तेव्हा "हो" म्हणण्याआधी आकडे वाचावेत.