कुत्र्याच्या अंगणातली कोंबडी

बाळा, मळ्यावर राहायला गेलास, दारात कारवानी कुत्रा आहे आणि आता कोंबड्याही पाळायच्या म्हणतोस, मला फार आनंद झाला. पण फोनवर पहिला प्रश्न विचारलास तो "मावशी, कुठली जात जास्त अंडी देते?" हा. तो दुसरा प्रश्न, राजा. पहिला प्रश्न असा, की कुत्रा समोर आला तर ती कोंबडी काय करते? कुणी फडफडून उडते, कुणी पळत सुटते, कुणी मान वर करून उभी राहते. पुढे कुत्रा कसा वागणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं. म्हणून हे लिहून पाठवतेय. आईचं ऐकतोस तसं अर्धंच वाचून ठेवून देऊ नकोस.

१. आधी आपलं कुत्रं ओळख, मग जात ठरव — कारवानी, म्हणजे तोच मुधोळ हाउंड, डोळ्यानं शिकार हेरतो आणि हलेल त्याच्यामागे धावणं त्याच्या रक्तात आहे. धनगरांच्या मेंढरांत वाढलेलं कुत्रं लवकर निवळतं, तुझ्या कुत्र्याला मात्र वेळ द्यावा लागेल.

२. व्हाइट लेगहॉर्न आणू नकोस — अंडी भरपूर, पण अंगानं हलकी आणि मनानं भित्री, जरा खुट्ट झालं की सगळा थवा उठतो. पळत्या पायाला कुत्र्याचा डोळा.

३. कडकनाथचा मोह सध्या आवर — झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिला भावही चांगला येतो, पण ती चपळ आणि बुजरी असते. कुत्रा शांत झाला की मग आण, आणि तेव्हाही तिला जाळीचं वेगळं आवार दे.

४. सुरुवात आर.आय.आर. म्हणजे ऱ्होड आयलंड रेडनं कर, नाहीतर ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पनं — दोन्ही भारदस्त आणि शांत. सवय झाली की कुत्रा शेजारून गेला तरी दाणे टिपणं सोडत नाहीत. कुत्र्याला कोंबड्यांचा कंटाळा यावा, एवढंच तर आपल्याला हवं आहे.

५. गिरिराज चांगली, पण एकटी सोडू नकोस — बंगळूरला तयार झालेली ही जात वर्षभरात तीन किलोच्या वर जाते, त्यामुळे लहानसहान कुत्रं तिच्या वाटेला जात नाही. पण त्याच वजनामुळे तिला झटकन झाडावर चढता येत नाही, म्हणून घरी कुणी नसेल तेव्हा ती खुराड्यात बरी.

६. हैदराबादची वनराज पायानं लांब आहे, वेळ आली तर पळून जीव वाचवते. अंडी वर्षाला शंभराच्या आसपास. तिथलीच ग्रामप्रिया अंड्यांना तिच्यापेक्षा सरस.

७. काहीही आण, पण चार-पाच गावरान कोंबड्या हव्यातच — सुधारित जाती बहुधा खुडूक बसत नाहीत, गावरान बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि पिल्लं घेऊन अंगणात उतरते. मग तिचा अवतार बघ. पिसं फुलवून, पंख जमिनीला लावून ती थेट कुत्र्याच्या नाकावर झेप घेते. जी शिस्त लावायला तुला महिना लागेल, ती पिल्लांची आई एका सकाळीत लावते. फक्त त्या दिवशी कुत्र्याची दोरी तुझ्या हातात असू दे — तो दचकून उलटला तर तिचा निभाव लागणार नाही.

८. कुणी असील देऊ केला तर एकच नर घे — तो कुत्र्याला पाठ दाखवत नाही, पण दुसरा नर दिसला की रक्त निघेपर्यंत लढतो. असीलच्या माद्या अंडी फार थोडी देतात, त्यांच्यावर हिशेब मांडू नकोस.

९. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरे — घार दिसली की तो आधी ओरडतो. मात्र उगाच माणसांच्या अंगावर येणारा कोंबडा ठेवू नकोस, तो कुत्र्यालाही रोज चिडवतो.

जात ठरली म्हणजे झालं, असं मात्र नाही. अंडी मोजून कोंबडी आणली आणि शेवटी पिसं मोजत बसावं लागलं, असं कित्येक घरांत होतं, आणि त्यात बिचाऱ्या कोंबडीचा काही दोष नसतो.

१०. पिल्लं शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून आण, पुण्यात ते खडकीला आहे. मॅरेक्सची लस दिली आहे ना, ते तिथेच विचार, आणि मानमोडीची लासोटा लस पहिल्याच आठवड्यात, डोळ्यात थेंब घालून, वेळेवर दे — मानमोडी शिरली तर कुत्र्यानं करायला काही उरत नाही.

११. बल्बखालची पिल्लं पक्क्या दाराच्या खोलीत ठेव — त्यांचा चिवचिवाट कुत्र्याला सारखा बोलावत राहतो, आणि पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे काही भिंत नव्हे.

१२. कुत्र्याला पिल्लं दाखवायची ती जाळीआडून, त्याचं पोट भरल्यावर आणि दोरी हातात धरून — उपाशी कुत्र्याला शिकवायला जाऊ नये. तो बसला, नजर वळवली, की पाठ थोपट. टक लावून बघायला लागला की गुपचूप बाजूला ने. ओरडू नकोस, तुझा आवाज चढला की कोंबड्याही उडतात आणि मग तोही उडतो.

१३. मेलेलं पिल्लू, फुटकं अंडं कुत्र्यापुढे टाकू नकोस, लांब खड्ड्यात पुर — एकदा चव कळली की तो उद्या स्वतः शोधायला निघतो. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात.

१४. कुंपणावरून उडतात म्हणून पंख कापतात, तू कापू नकोस — कुत्र्याच्या अंगणात कोंबडीला तेवढीच एक वाट असते. त्यापेक्षा कुंपण उंच कर, आणि अंगणात दोन-तीन आडवे बांबू असे बांध की तिला चढता येईल, त्याला नाही.

१५. खुराड्याला पातळ कोंबडजाळी लावू नकोस, वेल्डमेश लाव आणि खाली फूटभर जमिनीत पुर — पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही.

१६. बसायच्या दांड्या भारी जातींसाठी गुडघाभर उंचीवरच ठेव — जड कोंबडी रोज उंचावरून उडी मारून तळपायाला गाठी करून घेते, आणि लंगडी कोंबडी कुत्र्याला आधी दिसते.

१७. उंदीर झाले तरी विषाच्या गोळ्या टाकू नकोस, दाणे झाकणाच्या डब्यात ठेव — विष खाल्लेला उंदीर कुत्रा खातो.

१८. रात्री खुराड्याशेजारी कुत्रा बांधून राखण करून घ्यायची, असं कुणी सांगेल. तुमच्या जुन्नर भागात तर मुळीच ऐकू नकोस — बिबट्याला बांधलेलं कुत्रं सोपं पडतं. खुराड्याला कडी लाव, कुत्र्याला पडवीत आत घे आणि पडवीचं दार लाव. भुंकणं आतूनही ऐकू येतं. गळ्यात धनगरांसारखा खिळ्यांचा पट्टा असला तर आणखी चांगलं.

१९. पहिल्या खेपेला दहाच आण — थोड्या कोंबड्यांत कोण बुजरी, कोण धीट हे कळतं, आणि कुत्र्यालाही प्रत्येकीची सवय होते.

गावरान तलंगा शोधत फिरू नकोस, त्या मी येताना डालग्यात घालून आणते. तोवर जाळी तेवढी पुरून घे.